हरणाऱ्या टीमनं आपला स्टार विकावा का? एका कोचचं लांबलचक उत्तर

प्रश्न आधी सांगून देतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, एनबीएतली माही टीम अर्धा सीझन झाला तरी नुसता मार खाऊन राहिली. स्टार एकच हाये, २९ वर्षाचा, या सीझननंतर करार फक्त एका वर्षाचा उरते. दोस्त म्हणतात विका अन् नवे पोट्टे आणा. मी म्हणतो त्याच्याशिवाय आपल्याजवळ हाये तरी काय? तुमी सांगा." (एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, अन् तिथं विकणं म्हणजे ट्रेड, खेळाडूच्या बदल्यात खेळाडू.) टीमचं नाव त्यानं लिहिलं होतं पण मी मुद्दाम घेत नाही, कारण नाव आलं की पुढचं कोणी वाचत नाही, सरळ भांडायलाच लागतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात पीटी शिकवतो अन् संध्याकाळी बास्केटबॉलची पोरं-पोरी घेतो. आमच्या पट्ट्यात खेळ म्हटलं की कबड्डी, खो-खो, फार तर व्हॉलीबॉल. बास्केटबॉलचं कोर्ट पाहायचं तर नवोदय विद्यालयात जा नाहीतर वणीकडच्या कोळसा खाणींच्या कॉलनीत. तरी सिमेंटच्या कोर्टावर, जाळी नसलेल्या रिंगवर बरीच वर्षं टीम उभ्या करून राहिलोय, अन् एकाच भारी खेळाडूवर चालणारी टीम म्हणजे काय त्रास असतो ते मला चांगलं माहीत आहे, कारण खेड्यात टीम तशीच बनते. एक पोरगं निघते भारी, बाकी चार त्याच्याकडं पाहत उभे. एनबीए पण पाहतो, आपल्याकडं मॅच सकाळी लागते, शाळेची बेल व्हायच्या आत तिसरा क्वार्टर आटोपतो.

तर सरळ उत्तर: टीम हरून राहिली म्हणून स्टार विकायचा, हे कारण म्हणून मला मान्यच नाही. स्टारचे चांगले वर्षं अन् तुझ्या टीमचे चांगले वर्षं एकमेकांना भेटणारच नाहीत असं दिसत असलं, तरच विकायचा विषय काढायचा. हरणं हा ताप आहे, रोग कोणता ते अजून कोणी पाहिलंच नाही अन् तुझे दोस्त ऑपरेशनची तारीख घेऊन राहिले.

आधी हे पाहा की टीम हरते कधी. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच जण असतात, म्हणून एका खेळाडूचं वजन क्रिकेट-फुटबॉलपेक्षा लय जास्त. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, स्टार साधारण ३५-३६ मिनिटं खेळते, उरलेले बारा-तेरा मिनिटं तो बाकावर. आता वही घे अन् दोन रकाने पाड, तो कोर्टवर असताना आपण किती टाकले किती खाल्ले, अन् तो बाकावर असताना किती टाकले किती खाल्ले. मी आमच्या मॅचमध्ये हेच करतो, स्कोअरशीटच्या मागच्या बाजूला. एनबीएचे आकडे तर तयार मिळतात. पुष्कळदा असं निघते की तो कोर्टवर असताना टीम बरोबरीत किंवा पुढं आहे, अन् तो बसला की बारा मिनिटांत पंधरा पॉइंटचा खड्डा पडला. मग गुन्हेगार कोण? बाक. अन् तू विकायला कोणाला निघाला? जो एकटा घर चालवून राहिला त्याला.

पण तो कोर्टवर असतानाही टीम खाली जात असेल तर मात्र मान खाजवावी लागते. तिथंही विकायच्या आधी एक गोष्ट पाहायची. आमच्या विभागीय स्पर्धेत काय होते, समोरचा कोच दहा मिनिटांत ओळखतो की यांच्याकडं एकच पोट्टा आहे, मग तो बॉक्स-अँड-वन लावतो, चार जण चौकोनात झोन धरून उभे अन् पाचवा आमच्या पोट्ट्याला जळूसारखा चिकटलेला. एनबीएत नियम वेगळे, तिथं डबल टीम टाकतात, म्हणजे एकावर दोघं सोडतात, पण मतलब तोच, त्याच्या हातून बॉल काढा अन् बाकीच्यांना म्हणा, टाका आता. बाकीचे टाकू शकत नाहीत कारण सहा महिने त्यांच्या हाताला बॉलच लागलेला नाही, हात थंड पडलेले. अशा वेळी मी स्टारला बॉल आणायच्या कामातून काढतो, त्याला फ्री थ्रो लाइनजवळ उभा करतो, बॉल दुसरा पोट्टा आणतो, दोन स्क्रीन लागल्यावर (म्हणजे आपले पोट्टे डिफेंडरची वाट अडवून उभे राहिल्यावर) मग स्टारच्या हातात बॉल येतो. सुरुवातीला तो चिडतो. त्याला वाटते सरांनी मला साइडला टाकलं. दोन-तीन आठवड्यांत बाकीच्यांचे शॉट पडायला लागले की त्यालाच मोकळं वाटते. हे सगळं करून झालं का, हा प्रश्न तुझ्या टीमच्या कोचला विचार. नसेल झालं तर कोच बदलणं स्टार विकण्यापेक्षा लय स्वस्त पडते.

हे नुसतं माझ्या खेड्यातलं शहाणपण नाही. लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमच्या कोबी ब्रायंटचं घे. २००६-०७ मध्ये तो लीगमध्ये सगळ्यात जास्त, सरासरी ३१.६ पॉइंट टाकत होता अन् लेकर्स ४२-४० वर, म्हणजे ४२ जिंकल्या ४० हरल्या, प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला बाहेर. २००७ च्या उन्हाळ्यात तो स्वतःच उघड म्हणाला की मला इथून काढा, ट्रेड करा. लेकर्सनी दात आवळून त्याला ठेवलं. २००८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसकडून पाऊ गॅसॉल आणला. पुढं तीन वर्षं लागोपाठ फायनल, त्यातल्या २००९ अन् २०१० ला चॅम्पियन. हकीम ओलाजुवॉनचंही तसंच, १९९१-९२ ला ह्यूस्टन ४२-४०, प्लेऑफलाही नाही, हकीमचं मॅनेजमेंटशी जोरात वाजलेलं, तो जाणार हे जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. गेला नाही. रूडी टॉमजानोविच कोच झाला, अन् १९९४, १९९५ लागोपाठ दोन टायटल. गंमत बघ, कोबी काय अन् हकीम काय, त्या भांडणाच्या वेळी दोघंही २८-२९ चे. तुझ्या स्टारचं वयही तेच. म्हणजे २९ वर्ष हे विकायचं वय आहे असं जे तुझे दोस्त म्हणून राहिले ना, त्यांना ही दोन नावं सांग.

आता दुसरी बाजू, कारण ठेवलं की जमलंच असं पण नाही. केव्हिन गार्नेट मिनेसोटात. २००४ ला एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, टीम वेस्ट विभागाच्या फायनलपर्यंत, अन् त्यानंतर लागोपाठ तीन सीझन प्लेऑफच नाही. मिनेसोटानं ठेवलं, ठेवलं, अन् शेवटी २००७ ला तो ३१ चा झाल्यावर बॉस्टनला दिला. बदल्यात पाच खेळाडू अन् दोन फर्स्ट राउंड पिक, म्हणजे एकाला सात. (पिक म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा पोट्टा निवडायचा हक्क.) त्यात अल जेफरसन खरंच चांगला होता. बॉस्टन आदल्या वर्षी २४ मॅच जिंकलेली, ती त्या वर्षी ६६ जिंकून चॅम्पियन झाली (रे अ‍ॅलन पण त्याच उन्हाळ्यात आला होता, ते विसरू नको). अन् मिनेसोटा? पुढची प्लेऑफ थेट २०१८ ला. मधल्या काळात २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याकडं पाचवा अन् सहावा असे दोन नंबर होते, दोन्हीवर गार्ड घेतले, अन् सातव्यावर गोल्डन स्टेटनं स्टीफन करी उचलला. स्टार विकून तुला फक्त संधी मिळते. ती संधी ज्याच्या हातात देणार त्या माणसाची नजर कशी आहे, सगळं तिथं येऊन अडकते. ज्या मॅनेजमेंटनं स्टारभोवती सात-आठ वर्षांत चार धड खेळाडू जमवले नाहीत, तीच मॅनेजमेंट स्टार विकून आलेल्या पिकांमधून हिरे शोधणार, यावर तुझा भरवसा कशावरून बसला?

विकून भलं झाल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण सगळे ओक्लाहोमाचं देतात, अन् बरोबरच देतात. २०१९ ला त्यांनी आपला स्टार पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला, बदल्यात शाई गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड पिक अन् वर पिक अदलाबदलीचे हक्क. २०२५ ला तीच टीम ६८-१४ करून चॅम्पियन, शाई एमव्हीपी पण अन् फायनलचा एमव्हीपी पण. त्या पिकांपैकी एकावर २०२२ ला बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स मिळाला, फायनलमध्ये त्यानंही धुतलं. अजून मजा म्हणजे समोर फायनलला जी इंडियाना होती ती पण पॉल जॉर्ज विकूनच उभी राहिलेली, २०१७ ला त्यांनी त्याला ओक्लाहोमाला दिलं, ओलाडिपो अन् सबोनिस घेतले, अन् २०२२ ला सबोनिस सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टन आणला. एकाच माणसाला विकून दोन टीम फायनलला समोरासमोर.

हे ऐकून पोट्टे उड्या मारतात की पाहा, विकलं की चॅम्पियन. अरे बाबू, मधले वर्षं कोण मोजणार? २०२०-२१ ला ओक्लाहोमा २२-५०, त्याच्या पुढच्या वर्षी २४-५८. स्टेडियम रिकामं, रोज मार. अन् मुख्य गोष्ट म्हणजे त्या सौद्यात पिकांपेक्षा मोठी चीज शाई होता, तेव्हा जेमतेम विशीचा पण लीगमध्ये एक पूर्ण सीझन खेळून दाखवलेला, प्लेऑफसुद्धा खेळलेला. पिक म्हणजे कागदावरचं नाव नसलेलं पोरगं. मी शाळेत निवड करतो तेव्हा पण पाचवीतला उंच पोट्टा अन् आठवीत तालुका खेळून आलेला पोट्टा यात मी आठवीवाला घेतो, उंचीचं काय, ती कधी थांबेल सांगता येत नाही. म्हणून विकायचंच असलं तर माझी पहिली अट ही, समोरून एक तरी खेळून दाखवलेला, २३ च्या आतला पोरगा आलाच पाहिजे. तो नसेल तर नुसत्या पिकांच्या ढिगाला मी हात लावणार नाही.

डॅलसचं तर आता सगळ्यांना पाठ झालं असेल. फेब्रुवारी २०२५ ला रातोरात त्यांचा स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी अन् २०२९ चं एक फर्स्ट राउंड पिक. एक! अन् ही काही हरणारी टीम नव्हती, आठ महिन्यांआधी फायनल खेळलेली. २५ वर्षाचा देऊन ३१ वर्षाचा घेतला, म्हणजे वयाच्या हिशेबात उलटं चालले. अन् सगळं गुपचूप, बाजारात बाकीच्या टीमना कळूच दिलं नाही, मग भाव चढणार कसा? डेव्हिस पहिल्याच मॅचमध्ये दुखापत होऊन बसला, महिनाभरात दुसरा स्टार कायरी अर्विंगचा गुडघा गेला, लोक स्टेडियममध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढा म्हणून ओरडून राहिले, अन् नोव्हेंबर २०२५ ला त्याला काढलंच. त्यात नशीब असं की ड्राफ्टचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत फक्त १.८ टक्के चान्स असताना पहिला नंबर लागला अन् कूपर फ्लॅग मिळाला. याला कोणी प्लॅन म्हणत असेल तर त्यानं रोज तिकीट घ्यावं.

भावाची गोष्ट निघाली तर तेच जास्त सांगतो, कारण हरणारी टीम फसते ती इथंच. घरात कापूस भरून ठेवला, भाव वाढेल म्हणून वाट पाहिली, इकडं कापूस वाळून वजनात उतरला, अन् सावकाराचा तगादा लागला की मग व्यापारी तुझं तोंड पाहूनच भाव पाडते, हे आपल्याकडं लेकरालाही माहीत आहे. स्टारचा करार तसाच रोज उतरते. दोन-अडीच वर्षं बाकी असताना घेणाऱ्याला दोन-तीन प्लेऑफ मिळतात, म्हणून तो खुशीनं देते. सहा महिने उरले की घेणारा म्हणते, हा उन्हाळ्यात निघून गेला तर? मग मी चांगली वस्तू कायले देऊ? सॅक्रामेंटोचं पाहा, ज्याचे मालक आपल्या मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. (२०१९ ला ही टीम इंडियानाशी दोन मॅच खेळायला मुंबईत आली होती, वरळीच्या डोममध्ये.) डीमार्कस कझिन्स त्यांचा स्टार, २०१० पासून, एकही प्लेऑफ नाही. लय दिवस म्हणत राहिले विकणार नाही, विकणार नाही, अन् फेब्रुवारी २०१७ ला ऑल-स्टार मॅचच्या रात्री अचानक न्यू ऑर्लिन्सला दिला. मिळालं काय, तर बडी हील्ड, दोन-तीन जण अन् एक फर्स्ट राउंड पिक. त्यांचा मॅनेजर व्लादे दिवाच यानं पत्रकारांसमोर स्वतःच सांगून टाकलं की दोन दिवसांआधी याच्यापेक्षा चांगली ऑफर होती! असं कोणी बाजारात उभं राहून सांगते काय? तरी पुढं वर्षाच्या आत कझिन्सचा अकिलीस (टाचेमागची नस) तुटला, म्हणून सॅक्रामेंटोचा तोटा झाकला गेला एवढंच.

ज्यांना ट्रेड म्हणजे आयपीएलसारखं वाटते त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथं नुसते पैसे देऊन स्टार उचलता येत नाही. पगाराला पगार लागतो, म्हणजे स्टारचा पगार पाच कोटी डॉलर असला तर समोरून जवळपास तेवढ्याच पगाराचे खेळाडू यावे लागतात, अन् त्यात दोन-तीन अशे येतातच ज्यांचा करार समोरच्याला नकोसा झालेला. लीग अन् खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २०२३ च्या नव्या करारानंतर लय खर्च करणाऱ्या टीमवर अजून बंधनं आली, त्यांना दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा घेता येत नाही. म्हणजे ज्या टीमना तुझा स्टार आत्ता पाहिजे, त्यातल्या अर्ध्या तर घेऊच शकत नाहीत. दोस्त म्हणतात तशा तीस गिऱ्हाइकांच्या रांगा वगैरे काही नसते. खरी गिऱ्हाइकं चार-पाच.

अन् आपले स्वतःचे ड्राफ्ट पिक आपल्याजवळ आहेत का, हे तर पहिल्यांदा पाहायचं. स्टार विकला की टीम दोन-तीन वर्षं तळाला जाणार, अन् तळाला जायचा एकच फायदा म्हणजे वरचा पिक. २०१९ पासूनच्या नियमात सगळ्यात खालच्या तीन टीमना पहिल्या नंबरचा चान्स सारखाच, १४ टक्के. म्हणजे एवढं हरूनही सातात एकदा. अन् तोही पिक आधीच दुसऱ्याला देऊन बसला असशील तर तू फुकट हरशील. ब्रुकलिननं २०१३ ला म्हातारे गार्नेट अन् पीअर्स घेण्यासाठी पुढचे पिक बॉस्टनला लिहून दिले, मग स्वतः २०१६ ला २१ अन् २०१७ ला २० मॅच जिंकून बसले, अन् त्यांच्या हरण्यावर बॉस्टनला जेलन ब्राउन अन् पुढं टेटम मिळाला. २०२४ चं बॉस्टनचं टायटल ब्रुकलिनच्या घामावर आलेलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

जुन्यापैकी एक सांगतो, कारण तो तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे. १९७४-७५, मिलवॉकी, करीम अब्दुल-जब्बार. ऑस्कर रॉबर्टसन रिटायर झालेला, टीम ३८-४४, अन् करीमनं सांगितलं की मला न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिसला पाठवा. लेकर्सला विकला. चार खेळाडू आले. पुढच्या वर्षी काय झालं? करीमला लेकर्सकडून एमव्हीपी मिळाला पण लेकर्स ४०-४२, प्लेऑफ नाही. अन् मिलवॉकी परत बरोबर ३८-४४, पण त्यांचा डिव्हिजन (लीगमधला त्यांचा छोटा गट) इतका कमजोर की त्याच आकड्यावर ते डिव्हिजन जिंकून प्लेऑफला गेले. म्हणजे एक वर्षानंतर विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते मिलवॉकीनं जिंकलं. पाच वर्षांनंतर लेकर्सचा पहिला टायटल करीमसोबत, मग एकूण पाच. मिलवॉकी ऐंशीच्या दशकात चांगली टीम होती, दरवर्षी प्लेऑफ, पण पुढचं टायटल २०२१ ला. तरी मी मिलवॉकीला दोष देत नाही. माणूसच राहायला तयार नव्हता. राहायला तयार नसलेल्या माणसाचे चार धड खेळाडू मिळाले तर घ्यायचे, तो वेगळा हिशेब आहे.

कबड्डीवाले म्हणतील आमचं काहीच नाही का, तर घ्या. परदीप नरवाल, पाटणा पायरेट्स, प्रो कबड्डीच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या सीझनचं टायटल. सातव्या सीझनला परदीपचे रेड पॉइंट ढीगभर अन् टीम प्लेऑफलाही नाही. २०२१ च्या लिलावाआधी पाटण्यानं त्याला सोडलं, यूपी योद्धानं १ कोटी ६५ लाखाला घेतला, तेव्हाचा रेकॉर्ड. सगळे म्हणाले पाटणा संपली. तीच पाटणा आठव्या सीझनला टेबलमध्ये एक नंबरवर, फायनलला दिल्लीकडून ३७-३६ असं एका पॉइंटनं हरली. त्यांनी परदीपची जागा परदीपनं भरायचा प्रयत्नच केला नाही. इराणचा शादलुई आणला, डिफेन्स उभा केला, रेडिंग तीन-चार जणांत वाटून दिलं. पण हे कबड्डीत जमते, बास्केटबॉलमध्ये इतक्या लवकर नाही, कारण कबड्डीत लिलावात एका रात्रीत अर्धी टीम नवीन बसवता येते, एनबीएत नाही.

माझ्या स्वतःच्या टीममध्ये ट्रेड नसते, पण स्टार जातोच. क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली की गेला, बापाची बदली झाली की गेला, पोरगी असली तर दहावीनंतर घरचे म्हणतात आता बस झालं. त्याच्यावर माझा काही हक्क नाही अन् असू पण नये. पण तेव्हा जे दिसते ते सांगण्यासारखं आहे. पहिले दोन-तीन महिने टीम अनाथ. पोरं बॉल हातात आला की अजूनही त्या रिकाम्या जागेकडं पाहतात. मग कोणीतरी एक, ज्याच्याकडून तू अपेक्षाच केली नव्हती, तो बॉल मागायला लागतो. नेहमी नाही, कधी कधी कोणीच मागत नाही, अन् मग त्या वर्षी तालुक्यातच खेळ खल्लास. मी आता प्रॅक्टिसमध्ये आठवड्यातून एकदा स्टारला मुद्दाम बसवतो अन् बाकीच्यांना खेळवतो. कोण बॉल मागते ते पाहायला. तुझ्या टीमचे जे मॅच स्टार दुखापतीमुळं खेळला नाही, ते परत काढून पाहा. हरले का जिंकले ते सोड, शेवटच्या पाच मिनिटांत बॉल कोण मागून राहिला ते पाहा. कोणी मागत नसेल तर स्टार विकल्यावर तुझ्याकडं टीम नाही, नुसते कपडे उरतील.

अन् हरायची सवय लागते, हे लोक हलक्यात घेतात. फिलाडेल्फियानं २०१३ पासून मुद्दाम हरायचा रस्ता धरला, २०१५-१६ ला १०-७२. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, तो २०२३ ला एमव्हीपी पण झाला. पण तेव्हापासून २०२५ पर्यंत टीम एकदाही दुसऱ्या राउंडच्या पुढं गेलेली नाही. आमच्याकडं तर लागोपाठ हरलं की प्रॅक्टिसलाच कोणी येत नाही, सोयाबीन सोंगायला जातात. तिथं करोडो मिळतात म्हणून येतात, पण विशीतलं पोरगं रोज वीस पॉइंटनं हरत शिकते काय? शेवटच्या मिनिटाला कसं खेळायचं हे त्याला कळतच नाही, कारण त्याच्या मॅचमध्ये शेवटचं मिनिट येतच नाही.

आता तुझ्या टीमचं. तू दिलेल्या माहितीवर मी असतो तर आत्ता फेब्रुवारीतल्या ट्रेडच्या डेडलाइनला विकलं नसतं, कोणी शाईसारखा पोरगा ताटात वाढला तर गोष्ट वेगळी, पण तसं कोणी वाढत नाही. सीझन संपेपर्यंत स्टारला बॉल आणायच्या कामातून काढा, बाकावर दोन जुने धड खेळाडू आणा, ते स्वस्तात मिळतात. अन् आतल्या आत स्टारशी सरळ बोला. एजंटशी नाही, त्याच्याशीच, मालकानं स्वतः बसून. करार वाढवतो का, हो की नाही. हो म्हणाला अन् सही केली तर विषय बंद, पुढची तीन वर्षं टीम त्याच्याभोवतीच बांधायची, पिक जातील तर जाऊ द्या.

नाही म्हणाला, किंवा पाहू म्हणाला, तर ते "पाहू" म्हणजे नाहीच समजायचं. आपल्याकडं पण पोरीच्या बापाला "पाहू" म्हटलं की तो दुसरं घर पाहते. मग जूनमध्ये, ड्राफ्टच्या आधी विकायचा, कारण तेव्हा कोणता पिक कितव्या नंबरचा ते नक्की झालेलं असते, टीमचे जुने करार संपायला आलेले असतात, अन् गिऱ्हाइकं फेब्रुवारीपेक्षा जास्त असतात. चार-पाच टीमशी एकाच वेळी बोलायचं, डॅलससारखं एकाशी गुपचूप नाही. अन् त्याला कुठं जायचं ते ऐकून घ्यायचं, पण त्याच्यावर सोडून नाही द्यायचं, कारण घेणारा त्याला विचारणारच की तू इथं करार वाढवशील का, अन् तो हो म्हणाला तरच भाव मिळतो. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मात्र अजिबात ओढायचं नाही. तेव्हा करार चार महिन्यांचा उरलेला असेल अन् सगळ्या लीगला माहीत असेल की तुला विकणंच भाग आहे.

एवढ्या गोष्टी मला पाठव, मग नाव घेऊन बोलू: तो कोर्टवर असतानाचा अन् नसतानाचा फरक, टीमचे स्वतःचे पुढच्या पाच वर्षांचे फर्स्ट राउंड पिक कोणाकडं आहेत, अन् तो नसलेल्या मॅचमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत बॉल कोणाच्या हातात होता. अन् हो, तुझा तो दोस्त जो म्हणते की लुकासारखं कोणीतरी आपल्याला पण येड्यात देऊन टाकेल, त्याला सांग तशे मॅनेजर रोज रोज भेटत नाहीत.